बाबागाडी आणि शर्यत : धावणाऱ्या आईचा इतिहास

१/
पहाटेची वेळ. रिकामा रस्ता. एक तरुण आई तीन चाकांची बाबागाडी पुढे ढकलत धावत आहे आणि गाडीतले मूल झोपेच्या उंबरठ्यावर आहे. आज जगातील अनेक शहरांत या दृश्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मात्र शंभर वर्षांपूर्वी ते जवळजवळ अशक्य होते. त्यासाठी लागणारी गाडी तेव्हा नव्हती आणि आईने धावावे याला समाजाची मान्यताही नव्हती. या दोन्ही गोष्टी कशा घडत गेल्या, त्याचा हा इतिहास.

२/
मराठी माणसाला ‘धावणारी आई’ म्हटले की प्रथम हिरकणी आठवते. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे बाळ एकटे राहिले, म्हणून कडा उतरून गेलेली ती गवळण. आख्यायिका असो वा इतिहास, तिचे मोल आपण मान्य केले, कारण ती मुलासाठी धावली. मुलासाठी, घरासाठी धावणारी आई प्रत्येक समाजाने गौरवली आहे. स्वतःच्या आनंदासाठी किंवा स्पर्धेसाठी धावणाऱ्या आईला मात्र दीर्घकाळ आपली बाजू मांडत राहावे लागले.

३/
आधी गाडीची गोष्ट. लहान मुलांसाठी खास बनवलेल्या गाडीचा एक प्रसिद्ध आरंभबिंदू १७३३च्या सुमाराचा आहे. इंग्लंडमधील वास्तुरचनाकार आणि उद्यानरचनाकार विल्यम केंट याने डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची छोटी गाडी तयार केली. ती माणसाने ढकलायची नव्हती. शेळीसारख्या लहान जनावराने ओढायची होती. मूल हिंडवण्याची ती सोय नव्हती. रथाची हौस छोट्या आकारात भागवणारे ते उमरावांचे खेळणे होते.

४/
एकोणिसाव्या शतकात ही गाडी जनावराकडून माणसाच्या हाती आली आणि हळूहळू ती ओढण्याऐवजी मागून ढकलली जाऊ लागली. इंग्रजीत तिला ‘पेराम्ब्युलेटर’ हे भारदस्त नाव मिळाले. पुढे त्याचेच ‘प्रॅम’ झाले. लॅटिन मुळातून आलेल्या या शब्दाचा संबंध फिरण्याशी, चालण्याशी आहे. संथ गतीने बागेतून फेरफटका, हेच या गाडीचे कार्य मानले गेले. श्रीमंत घरांत ती आई ढकलत नसे, दाई ढकलत असे. उंच चाके, वेताची किंवा लाकडी काया, वर छत्र आणि भरपूर वजन, असे तिचे रूप होते.

५/
या गाडीत मोलाची सुधारणा सुचवणाऱ्यांत बाल्टिमोरचे कृष्णवर्णीय संशोधक विल्यम रिचर्डसन यांचे नाव घेतले जाते. १८८९मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. मुलाची बैठक फिरवून त्याचे तोंड ढकलणाऱ्याकडे किंवा समोरच्या रस्त्याकडे करता यावे आणि चाकांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरता यावे, अशी त्यांची रचना होती. चाके स्वतंत्र फिरली तर गाडी कमी जागेत वळते. गाडी दिसते कशी यापेक्षा ती चालते कशी, याचा विचार त्यांच्या रचनेत स्पष्ट दिसतो.

६/
जवळपास त्याच काळात, १८८८मध्ये, बेलफास्ट शहरात आणखी एक घटना घडली. जॉन बॉयड डनलॉप नावाचा पशुवैद्य आपल्या मुलाची तीनचाकी सायकल पाहत होता. भरीव रबराच्या धावा दगडी रस्त्यावर खडखडत आणि मुलाला हादरे बसत. त्याने हवा भरलेली रबरी नळी चाकावर बसवली. व्यावहारिक उपयोगात आलेला हवेचा टायर असा एका मुलाच्या तीनचाकीपासून जगभर पोचला. रॉबर्ट थॉमसन यांनी ही कल्पना चाळीसएक वर्षे आधी मांडली होती, पण ती तेव्हा रुजली नव्हती. शंभर वर्षांनी हाच हवेचा टायर पुन्हा एका मुलाच्या गाडीकडे परतणार होता.

७/
मध्यंतरी बाबागाडीने उलट दिशा धरली. ओवेन मॅक्लॅरेन हे ब्रिटिश वैमानिकी अभियंता. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. परदेशी राहणारी त्यांची मुलगी नातवंडाला घेऊन इंग्लंडला आली, तेव्हा जड बाबागाडी विमानातून आणि मोटारीतून नेताना होणारी ओढाताण त्यांनी पाहिली. १९६५मध्ये त्यांनी ॲल्युमिनिअमच्या पोकळ नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी रचली. वजन सुमारे ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास.

८/
या हलक्या गाडीने शहरी आईला बस, रेल्वे आणि जिने खुले केले. तिची चाके मात्र अगदी छोटी होती. फरसबंदीवर चालण्यापुरती ती ठीक. वेग वाढला की ती थरथरत, खड्ड्यात अडकत आणि सगळा हादरा थेट मुलाच्या अंगात जात असे. प्रॅम जड होती म्हणून तिच्यासह धावता येत नव्हते. छत्रीगाडी हलकी होती, तरीही तिच्यासह धावता येत नव्हते. मुलाला घेऊन कोणी धावणार आहे, हा विचार या दोन्ही गाड्यांच्या रचनेत मुळी नव्हताच.

९/
तो विचार का नव्हता, याचे उत्तर क्रीडेच्या इतिहासात आहे. १९२८च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रथमच मैदानी शर्यतींत प्रवेश मिळाला. त्यामागे फ्रान्सच्या ॲलिस मिलिया यांचा लढा होता. ऑलिंपिकची दारे बंद पाहून त्यांनी १९२२मध्ये पॅरिसला स्त्रियांचे स्वतंत्र जागतिक सामने भरवले होते. ॲम्स्टरडॅममध्ये स्त्रियांसाठी सर्वांत लांब शर्यत ८०० मीटरची ठेवण्यात आली. २ ऑगस्ट रोजी जर्मनीच्या लिना राडके यांनी ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकली. जपानच्या किनुए हितोमी दुसऱ्या आल्या.

१०/
दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांत वेगळेच चित्र रंगू लागले. बायका कोसळल्या, अर्ध्यांनी शर्यत सोडली, दृश्य दयनीय होते, अशी वर्णने छापून आली. प्रत्यक्षात अंतिम फेरीत ९ धावपटू होत्या आणि नवांच्या नवांनी शर्यत पूर्ण केली. काही जणी शेवटी दमून गवतावर बसल्या किंवा पडल्या. पुरुषही दमल्यावर तेच करतात. पण स्त्रियांच्या बाबतीत हा दमवा दुबळेपणाचा पुरावा मानला गेला.

११/
परिणाम दूरगामी झाला. स्त्रियांची ८०० मीटर शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली आणि ती थेट १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये परतली. मधल्या १९३२ आणि १९३६च्या स्पर्धांत स्त्रीला एकटीने धावण्यासाठी १०० मीटरपेक्षा लांब अंतरच नव्हते. या बंदीमागचा युक्तिवाद लक्षात घेण्यासारखा आहे. दीर्घ अंतर धावल्याने स्त्रीच्या प्रजननेंद्रियांना इजा होईल, तिच्या भावी मातृत्वाला धोका पोचेल, असे सांगितले जाई. तिला मैदानाबाहेर ठेवण्यासाठी तिच्या आईपणाचीच ढाल पुढे केली गेली.

१२/
या युक्तिवादाला पहिले मोठे उत्तर एका आईने दिले. नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अठराव्या वर्षी उतरल्या होत्या. नंतर महायुद्ध आले आणि १९४० व १९४४ची ऑलिंपिक रद्द झाली. एखाद्या खेळाडूची ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली. १९४८ला लंडनमध्ये ऑलिंपिक भरले, तेव्हा त्या ३० वर्षांच्या आणि दोन मुलांच्या आई होत्या. तिसाव्या वर्षी धावपटू म्हणून त्यांना म्हातारी ठरवले गेले. घरी राहून मुले सांभाळण्याचा उपदेश करणारी पत्रेही त्यांना आली.

१३/
लंडनमध्ये त्यांनी १०० मीटर आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली. त्यानंतर २०० मीटरच्या उपांत्य फेरीपूर्वी त्यांचा धीर सुटला. मुलांच्या आठवणीने त्या रडू लागल्या आणि परत जाण्याचा विचार करू लागल्या. पती आणि प्रशिक्षक यान ब्लँकर्स यांनी समजूत घातली. त्या थांबल्या, धावल्या आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी प्रथमच होणारी २०० मीटर शर्यत मोठ्या फरकाने जिंकल्या. पुढे ४ बाय १०० मीटर रिलेत चौथे सुवर्णपदक आले. उंच उडी आणि लांब उडीचे विश्वविक्रमही तेव्हा त्यांच्याच नावावर होते. परंतु स्त्रीला तीनपेक्षा अधिक वैयक्तिक प्रकारांत उतरण्याची मुभा नसल्याने त्या स्पर्धा त्यांनी सोडल्या.

१४/
जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांना ‘उडती गृहिणी’ हे नाव दिले. त्या नावात कौतुक होते, तसा अचंबाही होता. चार सुवर्णपदकांनंतरही त्यांची ओळख गृहिणी हीच राहिली. तरीही एक गोष्ट यापुढे नाकारता येणार नव्हती. बाळंतपणानंतर शरीर संपत नाही, हे लाखो लोकांनी पाहिले होते. १९९९मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने त्यांना शतकातील सर्वोत्तम महिला ॲथलीट म्हणून गौरवले.

१५/
ब्लँकर्स-कोएन वेगाच्या धावपटू होत्या. बाबागाडीशी नाते जुळले ते संथ, लांब धावण्याचे. आणि तो प्रवाह न्यूझीलंडमधून आला. प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी साठच्या दशकाच्या आरंभी ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, स्थूल, हृदयविकारातून उठलेल्या सामान्य माणसांना हळूहळू धावायला शिकवले. अमेरिकन प्रशिक्षक बिल बोवरमन तेथे गेले, त्यांनी हा प्रयोग पाहिला आणि ते तो ओरेगनला घेऊन गेले. १९६७मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॅरिस यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने ‘जॉगिंग’ हा शब्द घरोघरी नेला. धावणे आता केवळ खेळाडूंचे राहिले नाही. तो सामान्य नागरिकाचाही व्यायाम झाला.

१६/
पण ‘सामान्य नागरिक’ या शब्दांत स्त्री धरली होती का? १९६६मध्ये बॉबी गिब यांनी बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज मागवला. आयोजकांचे उत्तर आले की स्त्रिया शारीरिकदृष्ट्या मॅरेथॉन धावण्यास समर्थ नसतात. अमेरिकेत त्या काळी स्त्रियांसाठी अधिकृत शर्यतीची कमाल मर्यादा दीड मैल होती. गिब आरंभरेषेजवळच्या झुडपांत लपल्या, शर्यत सुरू झाल्यावर घोळक्यात मिसळल्या आणि ३ तास २१ मिनिटे ४० सेकंदांत त्यांनी २६ मैलांहून अधिक अंतर पूर्ण केले. निम्म्याहून अधिक पुरुष त्यांच्या मागे होते.

१७/
पुढच्याच वर्षी, १९६७ला, ‘के. व्ही. स्विट्झर’ या नावाने नोंदणी करून आणि २६१ हा क्रमांक लावून कॅथरीन स्विट्झर धावल्या. वाटेत शर्यतीचे अधिकारी जॉक सेंपल यांनी धावत येऊन त्यांचा क्रमांक ओढण्याचा प्रयत्न केला. तो क्षण छायाचित्रांत पकडला गेला आणि जगभर पोचला. स्विट्झर यांनी शर्यत पूर्ण केली. धावल्याने गर्भाशय खाली सरकेल, अशी भीती त्या काळी गंभीरपणे घातली जात असे, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

१८/
या लढ्यातील पुढच्या फळीत मुले असलेल्या स्त्रिया आहेत, हे सहसा सांगितले जात नाही. १९६९, १९७० आणि १९७१ अशी सलग तीन वर्षे बोस्टनमध्ये स्त्रियांत प्रथम आलेल्या सारा मे बर्मन तीन मुलांच्या आई होत्या. तेव्हा त्यांची नोंद अधिकृत नव्हती. आयोजकांनी त्यांच्या विजयांना मान्यता दिली ती १९९६मध्ये. १९७२ला बोस्टन मॅरेथॉन स्त्रियांना अधिकृतपणे खुली झाली. आठ स्त्रिया उतरल्या आणि आठही जणींनी ती पूर्ण केली. ३ तास १० मिनिटे २६ सेकंदांत प्रथम आलेल्या नीना कुश्चिक यादेखील तीन मुलांच्या आई होत्या.

१९/
येथे क्षणभर थांबावे. ज्या मातृत्वाच्या नावाने स्त्रियांना चाळीसहून अधिक वर्षे लांब शर्यतींपासून दूर ठेवले, त्याच मातृत्वाचा अनुभव घेतलेल्या स्त्रियांनी ती बंदी धावून खोटी ठरवली. ‘भावी आई’च्या रक्षणाचा दावा प्रत्यक्षातील आईने फेटाळला. नियम बदलायला वैद्यकीय प्रबंध कमी आणि हे पुरावे अधिक कारणीभूत ठरले.

२०/
१९७२च्याच ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या आरंभी एक अनोखा सत्याग्रह झाला. स्त्रियांनी पुरुषांपेक्षा १० मिनिटे आधी, वेगळी शर्यत म्हणून निघावे, असा नियम होता. स्त्रियांसाठी बंदूक वाजली आणि कुश्चिक यांच्यासह सहा जणी आरंभरेषेवर हातात निषेधाचे फलक घेऊन बसून राहिल्या. १० मिनिटांनी पुरुषांसाठी बंदूक वाजली, तेव्हा त्या उठल्या आणि सर्वांसोबत धावल्या. शिक्षा म्हणून त्यांच्या वेळेत १० मिनिटे मिळवण्यात आली. तो निर्णय पुढे टिकला नाही.

२१/
हक्क मिळाला तरी साधने अजून पुरुषांच्याच शरीराच्या मापाची होती. १९७७मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट एकत्र शिवून धावताना स्तनांना आधार देणाऱ्या अंतर्वस्त्राचा पहिला नमुना तयार केला. ‘जॉगब्रा’ म्हणून ते बाजारात आले. स्तनपान देणाऱ्या किंवा नुकतेच बाळंतपण झालेल्या स्त्रीसाठी ही सुधारणा किती महत्त्वाची होती, हे वेगळे सांगायला नको. क्रीडेच्या इतिहासात विक्रम सहज नोंदवले जातात. विक्रम शक्य करणारी ही साधी शिवण बहुधा नजरेआड राहते.

२२/
ऐंशीच्या दशकात प्रश्न बदलला. आई धावू शकते, हे सिद्ध झाले होते. तिने धावावे कधी, आणि त्या वेळात मुलाजवळ कोणी थांबावे, हा खरा पेच होता. नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियान्सन यांना १९८३च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. अवघ्या पाच महिन्यांनी त्यांनी ह्यूस्टन मॅरेथॉन जिंकली. १९८५ला लंडनमध्ये त्यांनी नोंदवलेला २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांचा विश्वविक्रम तब्बल १३ वर्षे टिकला. बर्फाळ हिवाळ्यात घरातच ट्रेडमिलवर कसून सराव करण्यासाठी त्या ओळखल्या जात. अशा सरावात मूल नजरेसमोर राहते, हा त्याचा आणखी एक लाभ. पण हा मार्ग सर्वांना परवडणारा नव्हता.

२३/
१९८४. या वर्षी ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्त्रियांची मॅरेथॉन झाली. ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये जोन बेनॉइट यांनी ती जिंकली. त्याच वर्षी, त्याच देशाच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील याकिमा या फळबागांच्या गावात फिल बेकलर नावाचे पत्रकार एका घरगुती अडचणीवर उपाय शोधत होते. त्यांना धावण्याचा नाद होता आणि घरी तान्हा मुलगा होता. मुलाला सोबत नेता यावे म्हणून त्यांनी साध्या बाबागाडीला सायकलची चाके बसवली.

२४/
प्रयोग जमला. शर्यतींत आणि रस्त्यावर लोक विचारू लागले आणि बेकलर दांपत्याने घराच्या गॅरेजमधून अशा गाड्या बनवून विकायला सुरुवात केली. कंपनीचे नाव ‘रेसिंग स्ट्रोलर्स’. गाडीचे नाव ‘बेबी जॉगर’. व्यवसायाची धुरा पुढे मेरी बेकलर यांनी सांभाळली. शोधाचे श्रेय सहसा एकट्या फिल यांना दिले जाते. पण गॅरेजमधली कल्पना देशभर पोचवणारी कंपनी उभी करणे हेही त्या इतिहासाचेच अंग आहे.

२५/
या गाडीचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. चाके तीन, कारण तीन बिंदूंवर उभी वस्तू खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. चाके मोठी, कारण मोठे चाक लहान खड्ड्यात शिरत नाही, त्यावरून निघून जाते. टायर हवेचे, म्हणजे हादरा मुलापर्यंत पोचण्याआधी हवेत जिरतो. पुढचे चाक स्थिर, कारण गरगर फिरणारे छोटे चाक वेगात थरथरते आणि अचानक वळून गाडी उलटवू शकते. यांखेरीज हाताचा ब्रेक, मुलाला बांधणारे पट्टे आणि उतारावर गाडी सुटू नये म्हणून आईच्या मनगटाला अडकवायचा दोर. डनलॉपचा टायर आणि सायकलचे चाक येथे एकत्र आले.

२६/
मर्यादाही होत्या आणि आहेत. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान कोवळी असते. म्हणून मूल साधारण सहा महिन्यांचे होऊन मान नीट धरू लागेपर्यंत गाडीसह धावू नये आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे सांगितले जाते. धावणाऱ्यालाही गाडी सोपी नसते. हातांची नैसर्गिक झुलणी थांबते, चढावर दुप्पट जोर लागतो आणि त्याच वेगासाठी अधिक श्रम पडतात. गर्दीतील अपघात टाळण्यासाठी अनेक मोठ्या मॅरेथॉनमध्ये बाबागाडीला आजही मनाई आहे.

२७/
चाकांवरच्या मुलाला ढकलत धावण्याची एक परंपरा मात्र या गाडीपूर्वीची आहे. मॅसॅच्युसेट्सचे डिक हॉइट यांचा मुलगा रिक जन्मतः सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त होता. १९७७मध्ये मुलाच्या इच्छेखातर वडिलांनी त्याची चाकाची खुर्ची ढकलत ५ मैलांची शर्यत धावली. पुढे या जोडीने बोस्टन मॅरेथॉन ३२ वेळा पूर्ण केली. आरंभी त्यांनाही अधिकृत प्रवेश नाकारला गेला होता. कोणाला धावपटू म्हणावे, ही व्याख्या प्रत्येक वेळी कोणीतरी रस्त्यावर उतरूनच रुंदावली आहे.

२८/
बाबागाडीने धावणाऱ्या आईला नेमके काय दिले? वेळ दिला. पाळणाघर किंवा दाई परवडत नसलेल्या, नवरा कामावर असलेल्या, सासर-माहेर दूर असलेल्या तरुण आईला दिवसातील अर्धा तास स्वतःच्या शरीरासाठी मिळाला. मूल दूर न करता तो मिळाला, म्हणून तिला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. गाडीमुळे मुलाची जबाबदारी वाटली गेली नाही. ती आईच्या हातातच राहिली, फक्त तिला चाके लागली. हे साधन मुळात एका बापाने स्वतः मूल नेण्यासाठी बनवले होते, हे म्हणूनच विसरू नये.

२९/
लढा संपला असेही नाही. अमेरिकेची ऑलिंपिक विजेती ॲलिसन फेलिक्स २०१८मध्ये आई झाली. २०१९ला तिने जाहीर लिहिले की बाळंतपणाच्या काळात कामगिरी घसरली तर प्रायोजकाने मानधन कापू नये, ही तिची मागणी मान्य झाली नव्हती. या आणि इतर धावपटूंच्या आवाजानंतर नायकी कंपनीने त्याच वर्षी करारातील अटी बदलून बाळंतपणाच्या काळाला संरक्षण दिले. टोकियोला फेलिक्सने आई म्हणून ४०० मीटरमध्ये कांस्य आणि रिलेत सुवर्ण मिळवले.

३०/
आपल्याकडे या इतिहासाला निराळा रंग आहे. २०१४च्या बारामती मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतः केली. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. तरीही आपण ज्या धावेचा गौरव केला ती हिरकणीसारखीच दुसऱ्यासाठी होती, हे नोंदवायला हवे. उपचारासाठी एका वृद्धेला शर्यत जिंकावी लागते, या वास्तवावर मात्र तेवढी चर्चा झाली नाही.

३१/
मोठ्या चाकांची गाडी आज भारतातही विकत मिळते. तिला लागणारी सलग पदपथाची, धूरमुक्त हवेची आणि टोमण्यांपासून मुक्त रस्त्याची सोय मात्र दुकानात मिळत नाही. म्हणून बाबागाडीसह धावणारी आई येथे उद्यानात, मोठ्या सोसायटीच्या आवारात किंवा पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावरच अधिक दिसते. गाडीचा शोध गॅरेजमध्ये लागू शकतो. रस्ता मात्र सगळ्यांनी मिळून घडवावा लागतो.

३२/
केंटच्या शिंपलेगाडीपासून याकिमाच्या गॅरेजपर्यंत सुमारे अडीचशे वर्षे गेली. ॲम्स्टरडॅमच्या ८०० मीटरपासून लॉस एंजेलिसच्या मॅरेथॉनपर्यंत ५६ वर्षे लागली. हे दोन्ही प्रवास १९८४ला एकाच देशात येऊन पोचले, हा योगायोग. त्यानंतरची प्रत्येक पहाट मात्र कोणा एका आईने बुटाची नाडी बांधून, मुलाचे पट्टे तपासून आणि दोर मनगटाला अडकवून घडवली आहे. अशी कोणी समोरून येताना दिसली, तर तिला वाट द्यावी.

#इतिहास #क्रीडाइतिहास #थ्रेड_समाप्त